मॅरॅस्मियस

(गण-ॲगॅरिकेलीझ, कुल-मॅरॅस्मिएसी). पालापाचोळा, वाळक्या काटक्या, गवताचे बुंधे इत्यादींवर वाढणाऱ्या लहान, नाजूक पण चिवट भूछत्रांची एक प्रजाती. हिच्यात सु. ५०० जाती असून त्यांपैकी बहुसंख्य उष्ण कटिबंधात आढळतात. एलीआस माग्नुस फ्रीस (१७९४–१८७८) ह्या स्वीडिश कवकवैज्ञानिकांनी १८३६ मध्ये ही प्रजाती स्थापन केली. प्रजातीचे नाव ‘झिजणे, वाळणे’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. सामान्य भूछत्रे एकदोन दिवसांत कुजून जातात. मॅरॅस्मियसची छत्रे मात्र उन्हात आक्रसून वाळतात व पुन्हा पाऊस पडताच पाणी शोषून पूर्ववत टवटवीत होतात. काही जातींत असे ताजे झालेले छत्र पुन्हा बीजुके (प्रजोत्पादक सूक्ष्म घटक) सोडू लागते.

आढळ : ही कवके शवोपजीवी असून मृत पानांतील सेल्युलोज व लिग्निन ह्यांचे विघटन करून अन्नांश जमिनीस परत देतात. सह्याद्रीच्या आर्द्र वनांत जून ते सप्टेंबर हा त्यांचा मुख्य हंगाम होय. सोलापूर जिल्ह्यातील मंद्रूप (ता. दक्षिण सोलापूर) व त्याच्या परिसरासारख्या अवर्षणप्रवण, काळ्या जमिनीच्या प्रदेशात वनाच्छादन विरळ, पाऊस अनियमित व त्याचा जोर बहुधा सप्टेंबरात असतो. अशा ठिकाणी पालापाचोळ्यावरील भूछत्रांचा शोध विहिरीकाठची सावली, बांधांवरील झाडांखालचा साठलेला पाला, उसाचे पाचट अशा ओलावा टिकणाऱ्या जागी आणि सलग दोनतीन दिवसांच्या पावसानंतर घेणे श्रेयस्कर ठरते. वाळून पुन्हा जिवंत होण्याचा गुण अशा खंडित पावसाच्या प्रदेशात विशेष उपयोगी पडणारा आहे.

संरचना : छत्राचा व्यास बहुधा काही मिमी. ते २–३ सेंमी. असतो. छत्र घुमटाकार वा घंटेसारखे असून त्यावर अरीय (मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या) खाचा असतात; त्यामुळे ते लहानशा हवाई छत्रीसारखे दिसते. छत्राखालील पटले (बीजुके धारण करणारे पातळ पडदे) थोडी व एकमेकांपासून दूर असतात. दंड केसासारखा बारीक, कठीण, चकचकीत व खालच्या भागी काळपट असून अनेक जातींत तो बुडाशी कवकजाल न दिसता पानातून थेट फुटल्यासारखा वाटतो. बीजुके पांढरी असतात.

ओळख : एवढ्या लहान भूछत्राची जाती केवळ रंग व आकार पाहून ठरविणे धोक्याचे असते. छत्राचा रंग वय, ऊन व पाऊस ह्यांनी बदलतो. म्हणून ताज्या नमुन्याचा रंग, वास, पटलांची संख्या व ती दंडास कशी जोडली आहेत, तसेच आधारभूत पान कोणत्या झाडाचे आहे, ह्यांची नोंद जागेवरच करतात. एका छत्रावरून बीजुकांचा ठसा घेऊन उरलेले नमुने मंद उष्णतेवर वाळवितात. पुढील परीक्षा सूक्ष्मदर्शकाखाली होते. छत्राच्या त्वचेतील कोशिकांच्या टोकांना बोटांसारखे अनेक उंचवटे असून त्या कुंचल्यासारख्या दिसतात. उंचवटे लांब व टोकाशी एकवटलेले आहेत, की आखूड व कोशिकेच्या वरच्या भागावर सर्वत्र विखुरलेले आहेत, ह्यावरून जातींचे गट पडतात. आयोडीनयुक्त मेल्झर विक्रियाकारकात कवकतंतूंच्या भित्ती तांबूस तपकिरी होतात, बीजुके मात्र रंगत नाहीत. हे ह्या प्रजातीचे महत्त्वाचे लक्षण होय.

वर्गीकरण : मॅरॅस्मियस रोट्यूला ही प्रजातीची नमुनारूप जाती होय. जोव्हान्नी आंतॉन्यो स्कॉपॉली ह्यांनी १७७२ मध्ये तिचे वर्णन ॲगॅरिकस ह्या व्यापक प्रजातीत केले होते. हिची पटले दंडास प्रत्यक्ष न चिकटता त्याभोवतीच्या एका लहान कड्यास जोडलेली असतात व चाकाच्या आऱ्यांसारखी दिसतात. मॅ. हीमॅटोसेफॅलस ह्या लाल छत्राच्या जातीत असे कडे नसते व बीजुके लांबट असतात.

फ्रीस ह्यांनी ज्या गुणावर भर दिला तो वाळून पुन्हा टवटवीत होण्याचा गुण एकट्या ह्या प्रजातीचा नाही, हे पुढे स्पष्ट झाले. क्रिनिपेलिस व मॅरॅस्मिएलस ह्या प्रजाती त्यामुळे वेगळ्या काढाव्या लागल्या. रॉल्फ सिंगर (१९०६–९४) ह्यांनी सूक्ष्म लक्षणांवर आधारलेली विभागणी रूढ केली, ई. जे. एच. कॉर्नर ह्यांचा आग्नेय आशियातील जातींवरील ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. डीएनए-क्रमांच्या तुलनेनंतर घोड्याच्या केसासारखा दंड असलेली मॅ. अँड्रोसेशियस ही जाती २००४ मध्ये जिम्नोपस प्रजातीत हलविण्यात आली. म्हणजे सारखे दिसणारे दंड वेगवेगळ्या वंशावळींत स्वतंत्रपणे विकसित झाले आहेत. कवकांच्या ओळखीसाठी डीएनएचा एक ठराविक पट्टा (आयटीएस) सर्वसाधारण खूण म्हणून २०१२ मध्ये सुचविण्यात आला. मात्र नुसता क्रम पुरेसा नसतो. तुलनेसाठी नीट ओळखलेला, संग्रहात जतन केलेला नमुना लागतोच. ब्राझील किंवा यूरोप येथील नमुन्यास दिलेले नाव केवळ दिसण्यातील साम्यावरून भारतीय नमुन्यास लावल्यास स्थानिक जाती नावाआड दडून राहते.

भारतातील अभ्यास : महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी (स्थापना १९४६, पुणे) ह्या संस्थेने १९८० च्या सुमारास नैर्ऋत्य भारतातील भूछत्रांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात महाराष्ट्रातील भूछत्रांचाही समावेश आहे. तिच्या संशोधन संस्थेस १९९२ मध्ये आघारकर संशोधन संस्था हे नाव मिळाले. तेथील अजरेकर कवक संग्रहात वाळविलेले नमुने जतन केले जातात. केरळमधील मॅरॅस्मियसच्या जातींचा तपशीलवार आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

महत्त्व : जातीची अचूक ओळख हा केवळ नामकरणाचा प्रश्न नाही. मॅ. क्रिनिसइक्वाय ह्या जातीचे काळे, केसांसारखे दोरे झाडांवर पसरून गळणारी पाने अधांतरी धरून ठेवतात व काही पक्षी ते घरट्यांत वापरतात. तीच जाती चहाच्या झुडपांवर उपद्रवकारकही ठरते. उसाच्या मुळांवर व पानांच्या आवरकांवर रोग पाडणाऱ्या एका कवकाचे वर्णन १८९५ मध्ये जावातून मॅ. सॅकॅराय ह्या नावाने झाले व नंतर ते मॅरॅस्मिएलसमध्ये गेले. कोकोच्या फांद्यांना विकृत झुबके आणणारे कवक १९१५ मध्ये मॅ. पर्निसिओसस म्हणून वर्णिले गेले, पुढे क्रिनिपेलिसमध्ये व २००५ मध्ये मोनिलिओप्थोरा प्रजातीत ठेवले गेले. ब्राझीलच्या बाईया राज्यात १९८९ पासून त्याने कोकोच्या बागांचे अतोनात नुकसान केले. पाचटाचे निरुपद्रवी विघटन करणारे कवक कोणते व पिकावर चढणारे कोणते, हे नाव निश्चित झाल्याखेरीज सांगता येत नाही. बहुतेक जाती फार लहान व चिवट असल्याने खाद्य म्हणून निरुपयोगी आहेत. गवतात वर्तुळाकार उगवणारी मॅ. ओरिॲडीझ ही खाद्य जाती त्यास अपवाद आहे.