एकच सिनेमा, किती वेळा विकत घ्यायचा?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागाची डीव्हीडी ऑगस्ट २००२ मध्ये आली आणि नोव्हेंबरात त्याचीच अर्धा तास मोठी आवृत्ती हजर! ब्लू-रेलाही तोच खेळ: २०१० मध्ये छोटी, २०११ मध्ये मोठी. २०२० मध्ये पुन्हा फोर-के. चाहत्याच्या खिशाला कात्री लागतच राहते.

पॅकिंगची तऱ्हा आणखी वेगळी. देखण्या बॉक्स सेटमध्ये डिस्क पुठ्ठ्याच्या घट्ट खाचेत खुपसलेली असते. ओढून काढताना तिच्यावर चरे पडतात. प्लॅस्टिक केसचे मधले दाते तुटले, की डिस्क आत खुळखुळते.

म्हणून सेट घरी आला, की परत करायची मुदत संपायच्या आत प्रत्येक डिस्क उजेडात तिरकी धरून तपासा. पुठ्ठ्यातल्या डिस्क साध्या केसमध्ये हलवा. आणि मोठी आवृत्ती येणार असेल, तर सरळ थांबा!