सूर्याचा मुकुट आणि डोळ्याचा पडदा

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या नाण्यांवर ‘अजिंक्य सूर्य’ उभा दिसतो, डोक्यावर किरणांचा मुकुट. लॅटिनमध्ये मुकुट म्हणजे ‘कोरोना’. खग्रास ग्रहणात काळ्या चंद्राभोवती पसरणाऱ्या प्रभेलाही तेच नाव आहे. विषाणूने ते बदनाम केले, हा भाग वेगळा.

ही प्रभा नुसत्या डोळ्यांनी पाहता येते, पण सूर्यबिंब पूर्ण झाकलेले असेल तेवढा वेळच. ९९ टक्के झाकलेला सूर्यही दृष्टिपटलाला इजा करतो. तिथे वेदना कळत नाही, म्हणून माणूस बघतच राहतो; काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल काही कामाचे नाहीत. प्रमाणित ग्रहण-चष्माच हवा, आणि हिऱ्याची अंगठी पुन्हा चमकताच तो लगेच डोळ्यांवर चढवावा.