नवे गवत उन्हाळ्यात का मरते?

धार व देवास या माळव्यातील जिल्ह्यांत पावसाळ्यात लावलेले मारवेल गवत दिवाळीस हिरवेगार दिसते. वैशाखात मात्र त्याची ठोंबे पार मरून जातात. जुने गवतही वरून वाळते, परंतु त्याची मुळे खोल गेलेली असल्याने मृगाच्या सरींनंतर ते पुन्हा फुटते. नव्या गवताची मुळे उथळ असतात. काळी माती सुकताना आकसते, भेगाळते आणि ही कोवळी मुळे तुटतात. पहिल्याच वर्षी गुरे सोडल्यास पाने खुडली जाऊन मुळांची वाढ खुंटते. उन्हाला दोष देण्यापूर्वी हे पाहावे. यास्तव ठोंबे पहिल्या चांगल्या पावसातच लावावीत, वर्षभर चराई बंद ठेवावी आणि फुलोऱ्यातील गवत १० ते १५ सेंटीमीटर बुडखा राखून कापावे.