पट्टे आहेत, म्हणून मधमाशी?

थंडीत प्रकाशा गावाच्या शिवारात, तापीकाठच्या मळ्यांत धने फुलावर आले की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “भाऊ, तिकडे जाऊ नका, मधमाश्या चावतील.” त्या फुलांवर मधमाश्या असतातच. पण हवेत एका जागी तरंगून क्षणात बाजूला सटकणारा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा जो किडा दाखवला जातो, ती सिरफिड माशी असते. ती चावत नाही, डंखही मारत नाही. मारणार कशानं? तिला नांगीच नसते.

ओळखायला भिंग लागत नाही. मधमाशीला चार पंख, सिरफिडला दोनच. मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणारे दोन बारीक गोळे. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या, हिच्या जेमतेम दिसणाऱ्या. डोळे इतके मोठे की डोकं म्हणजे डोळेच. मागच्या पायांवर परागाचे गोळे दिसले, तर ती मधमाशी. हिच्या पायांवर ते कधीच नसतात. तरीही पट्टे दिसले की विषय संपतो. शिकलेलेही यातून सुटत नाहीत. २० मे हा जागतिक मधमाशी दिन. त्या दिवशी फिरणाऱ्या चित्रांतही कधी कधी मधमाशीच्या जागी हीच विराजमान असते.

फसवणूक जुनी आहे आणि ती पक्ष्यांसाठी आहे. एकदा डंख खाल्लेला पक्षी पट्टेवाल्या किड्याच्या वाटेला पुन्हा सहसा जात नाही. त्या धाकाचा फायदा निरुपद्रवी माशीला मिळतो. ॲमेझॉनमधल्या फुलपाखरांवरून हेन्री बेट्स यांनी १८६२ साली हे सोंग उलगडून दाखवलं. पक्षी फसला तर माशी वाचते. माणूस फसला की मात्र ती फडक्याखाली चिरडली जाते.

खरं नुकसान माशी होण्याआधी, अळीच्या अवस्थेत होतं. दादर ज्वारीवर मावा ही कीड पडते, पानं चिकट होतात, आणि त्या माव्यातच ही माशी अंडी घालते. निघालेली अळी बिनपायाची, हिरवट-पांढुरकी, डोकं कुठे ते कळू न देणारी. ती मावा पकडून उचलते, आतला रस शोषते आणि रिकामं कातडं टाकून देते. वाढ पूर्ण होईपर्यंत एक अळी असे शेकडो मावे संपवते. आपण काय करतो? ‘अळी पडली’ म्हणून फवारा मारतो! अहो, पान कुरतडणाऱ्या अळीला पाय असतात. एवढं तरी बघा.

इवल्या माशीनं काय होणार, असं वाटत असेल तर ‘करंट बायोलॉजी’त २०१९ साली आलेला अभ्यास पाहा. दक्षिण ब्रिटनवरून वर्षाला ४०० कोटींपर्यंत सिरफिड माश्या ये-जा करतात, आणि येणाऱ्यांची पिल्लावळ ३ ते १० लाख कोटी मावे फस्त करते, असा त्यातला अंदाज आहे.

आता किरकोळ गैरसमज.

‘ही फळमाशी आहे.’ नाही. फळमाशी फळाला टोचून आत अंडी घालते. हिला फळात रस नाही.

‘ही मध साठवते.’ नाही. हिला ना पोळं, ना राणी. मकरंद पिते तो स्वतःपुरता.

‘परागीभवन फक्त मधमाश्या करतात.’ नाही. जगभरच्या ३९ अभ्यासांवर आधारित २०१६ च्या शोधनिबंधानुसार पिकांच्या फुलांना होणाऱ्या भेटींपैकी २५ ते ५० टक्के मधमाशीवर्गाबाहेरच्या कीटकांच्या असतात.

‘सांडपाण्यातली शेपटीवाली अळी घाण करते.’ उलट. घाण आपली, ती त्यातले सूक्ष्मजीव खाते. शेपटी ही तिची श्वासनळी, आणि पुढे तिचीच मधमाशीसारखी दिसणारी सिरफिड माशी होते.

शेवटचा गैरसमज नव्या उत्साहींचा: ‘सिरफिड आली, आता सगळी पिकं सुरक्षित.’ तसंही नाही. शहादा तालुक्यातल्या पपईला छळणारा रिंगस्पॉट विषाणू मावाच पसरवतो. पण तो मावा पपईवर वस्ती करत नाही, उडत येऊन क्षणभर सोंड खुपसतो आणि तेवढ्यात रोग देऊन जातो. तिथे अळीला खायला काही उरतच नाही. म्हणून पपईला निरोगी रोपं आणि रोगट झाडं लगेच उपटणं हाच मार्ग. दादर, करडई, कपाशीत मात्र माव्याची वस्ती असते. तिथे पंप खांद्यावर घेण्याआधी पान उलटून पाहा. बिनपायाच्या अळ्या कामाला लागल्या असतील, तर चार दिवस थांबा आणि मावा घटतोय का ते बघून ठरवा. बांधावर धने किंवा शेपू फुलू द्या. माशीला पराग तिथेच मिळतो, आणि त्याशिवाय तिची अंडी तयार होत नाहीत.