चिंतेचा वार बुधवार

बुधवारी मुंबईतल्या माहीम स्टेशनवर उतरणाऱ्याला चर्चची वाट विचारावी लागत नाही. गर्दी वळते तिकडे वळायचं. त्या गर्दीत टिकली लावलेल्या बायका असतात, बुरख्यातल्या असतात, पाठीवर सॅक घेतलेली कॉलेजची मुलं असतात आणि ख्रिस्ती कुटुंबं तर असतातच. सेंट मायकल चर्चबाहेरच्या ठेल्यांवर मेणबत्त्यांबरोबर मेणाच्या छोट्या वस्तू मांडलेल्या दिसतात: घर, तान्हं बाळ, हात, पाय. ज्याला ज्या गोष्टीचा घोर, ती त्यानं उचलायची आणि आत नेऊन वाहायची.

ही माहीमची नोव्हेना. लॅटिनमधल्या ‘नऊ’वरून आलेला हा शब्द. येशूच्या स्वर्गारोहणानंतर मरिया आणि शिष्य पवित्र आत्म्याची वाट पाहत नऊ दिवस प्रार्थनेत राहिले, असं ख्रिस्ती परंपरा मानते. माहीमला नऊ दिवसांचे नऊ बुधवार झाले. ८ सप्टेंबर १९४८ रोजी, मरियेच्या जन्माच्या सणाला, इथे नोव्हेना सुरू झाली. तो दिवसही बुधवारच होता. आता इंग्रजी, कोकणी, मराठी, हिंदी अशा भाषांतून ती दिवसभर चालते आणि हजारो माणसं येऊन जातात. हिंदू घरांत तिला सरळ ‘नवस’ म्हणतात. धर्मशास्त्र्यांना हा शब्द खटकेल, पण गर्दीला त्याचं काही नाही.

आत ज्या चित्रापुढे हात जोडले जातात, ते नित्य साहाय्य मातेचं. मूळ चित्र रोममध्ये आहे. पोप नववे पायस यांनी १८६६ मध्ये ते रिडेम्प्टोरिस्ट संघाच्या स्वाधीन केलं आणि मग त्याच्या प्रती जगभर पोचल्या. घाईत पाहणाऱ्याला ते आई-मुलाचं नेहमीचं चित्र वाटतं. जरा थांबून पाहिलं, की बाळ घाबरलेलं असल्याचं लक्षात येतं. दोन बाजूंना दोन देवदूत आहेत. एकाच्या हाती क्रूस आणि खिळे, दुसऱ्याच्या हाती भाला. पुढे काय वाढून ठेवलंय ते या मुलाला दिसलंय. ते धावत आईकडे आलंय, इतक्या घाईनं की एका पायातली चप्पल सुटून नुसत्या बंदावर लोंबतेय. दोन्ही हातांनी त्यानं आईचा हात घट्ट धरलाय आणि मान वळवून ते मागे बघतंय. चिंतेचं याहून नेमकं चित्र क्वचितच कुणी काढलं असेल. गंमत म्हणजे आई बाळाकडे बघत नाही, समोर उभ्या असलेल्या माणसाकडे बघते. देवदूतांच्या हातातला क्रूसही तिनं दूर सारलेला नाही.

नोव्हेनातला खरा ऐवज मात्र पत्रांचा. मुलाची नोकरी, मुलीचं लग्न, नवऱ्याचं दारूपान, अडकलेला व्हिसा, डॉक्टरांनी सांगितलेली गाठ, सगळं कागदावर लिहून द्यायचं. मागण्याची पत्रं वेगळी, आभाराची वेगळी. त्यांतली काही प्रार्थनेच्या वेळी नाव न घेता वाचली जातात. रात्री दोन वाजता छताकडे बघत जी गोष्ट शंभर वळणं घेते, ती कागदावर चार ओळींत मावते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनात खुपणाऱ्या जुन्या आघातांविषयी लिहायला लावलं होतं. पुढच्या काही महिन्यांत ही मुलं इतरांपेक्षा कमी वेळा दवाखान्यात गेली. त्याआधी, १९८३ मध्ये, थॉमस बोर्कोव्हेक यांनी अतिकाळजी करणाऱ्यांना आणखी साधा उपाय दिला: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास बसून काळजी करा, एरवी मनात आली तर तिला त्या वेळेवर ढकला. त्यानं काळजी घटली. माहीमच्या भाविकांनी यातलं काही वाचलेलं नसतं. त्यांच्याकडे बुधवार असतो.

मग एका सुरातलं म्हणणं. इटलीतले डॉक्टर लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी तेवीस जणांना लॅटिनमधून जपमाळेची ‘नमो मरिया’ ही प्रार्थना म्हणायला लावली आणि योगातला मंत्रही म्हणवून घेतला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली. हा शोधनिबंध २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला.

याच्या पुढे जाऊन प्रार्थनेनं आजार बरा होतो असं कुणी म्हणू लागला, तर २००६ चा अमेरिकी अभ्यास आडवा येतो. हृदयाची बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांपैकी काहींसाठी अनोळखी ख्रिस्ती गटांनी प्रार्थना केली. गुंतागुंत काही कमी झाली नाही. उलट ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चाललीय’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ती थोडी जास्तच निघाली. आपली तब्येत इतकी बिघडलीय का, या धास्तीनं असेल, असा एक तर्क तेव्हा मांडला गेला.

संत पॉलनं फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात चिंता सोडा, जे हवं ते आभार मानत देवापुढे ठेवा, असं सांगितलंय. लिहिताना तो स्वतः कैदेत होता. मागितलेलं मिळेलच असा शब्द तो तिथे देत नाही. मनाला शांती लाभेल, एवढंच सांगतो. माहीमच्या आभारपत्रांत अर्थातच मिळालेल्या गोष्टींची नोंद असते. ज्यांना मिळालं नाही ते कशाचं आभारपत्र लिहिणार? शिवाय नऊ आठवड्यांत पुष्कळ गोष्टी आपल्या आपण मार्गी लागतात. निकाल लागतात, ताप उतरतात.

तरीही नववा बुधवार संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागणारे असतात. प्रार्थना संपवून ते बाहेर येतात, रस्ता ओलांडतात, बसची वाट बघत फोनवर घरी विचारतात: येताना काय आणू?