क्रॉस-कंपायलेशन आणि हेडर फाइलींचा शोध

सी भाषेतील प्रोग्रॅमच्या आरंभी हेडर फाइलींची केवळ नावे दिलेली असतात. त्या नावाने कोणती फाइल अभिप्रेत आहे, हे नावावरून नव्हे, तर शोधाच्या क्रमावरून ठरते. जीसीसी हा कंपायलर अवतरणचिन्हांतील नाव प्रथम चालू फाइलीच्याच निर्देशिकेत पाहतो. नंतर '-आय' या पर्यायाने दिलेल्या निर्देशिका अनुक्रमे धुंडाळतो व अखेरीस ठरीव निर्देशिकांकडे वळतो. कोनकंसांतील नावासाठी पहिली पायरी वगळली जाते. नाव जेथे प्रथम आढळेल तेथेच शोध संपतो.

प्रोग्रॅम त्याच यंत्रासाठी तयार करावयाचा असेल, तर या नियमाची सहसा जाणीवही होत नाही. परंतु ६४-बिट इंटेल यंत्रावर ३२-बिट आर्म यंत्रासाठी तो सिद्ध करावयाचा झाल्यास एकाच नावाच्या दोन फाइली समोर येतात : एक यजमान यंत्राची, दुसरी लक्ष्ययंत्राची. चुकीची फाइल सापडल्यास कंपायलर तक्रार करीलच असे नाही. ओपनएसएसएल या लायब्ररीची एक हेडर फाइल त्या त्या यंत्रासाठी निर्माण होते आणि मोठ्या संख्येचा एक घटक किती बाइटांचा, हे तीवरून ठरते. यजमानाची फाइल घेतली गेल्यास तो ८ बाइटांचा समजला जातो. आर्मसाठी बांधलेल्या लायब्ररीत तो ४ बाइटांचाच असतो. कंपायलेशन निर्वेध पार पडते, अर्थ मात्र बदललेला असतो.

यावरील उपाय म्हणजे 'सिसरूट' होय. लक्ष्ययंत्राच्या हेडर फाइली व लायब्रऱ्या एका स्वतंत्र निर्देशिकेत मांडून तीच मूळ मानण्यास कंपायलरला सांगितले जाते. मग '/यूएसआर/इन्क्लूड' हा ठरीव मार्ग त्या मुळाखाली शोधला जातो. तथापि मेकफाइलीत हाच मार्ग कोणी '-आय' पुढे हाताने लिहिला असेल, तर त्यास सिसरूट लागू होत नाही. आणि '-आय'चा क्रम आधीचा असल्याने यजमानाचीच फाइल पुढे येते.

म्हणूनच बांधणी-व्यवस्थांनाही हा भेद निराळा सांगावा लागतो. सीमेकमध्ये हेडर फाइलींचा शोध लक्ष्याच्या मुळापुरताच मर्यादित करता येतो. पीकेजी-कॉन्फिगने दिलेल्या मार्गांना सिसरूटचा उपसर्ग लावता येतो. पण त्याच्या वर्णन-फाइलींची जागाही बदलली नाही, तर वर्णन यजमानाचेच वाचले जाते.

सारांश, नाव तेच राहते, संदर्भ बदलतो. '-व्ही' हा पर्याय दिल्यास जीसीसी शोधाच्या निर्देशिका क्रमाने छापतो. ती यादी पाहिल्यावाचून बांधणी निर्दोष मानणे युक्त नव्हे.