गिरणीच्या जमिनीवरची जीवनशैली

मुंबईतील निवासी मनोऱ्यांच्या जाहिरातींत खोल्यांची मापे किंवा पाण्याची सोय क्वचितच ठळक अक्षरांत दिसते. तेथे दिसतात ते गच्चीवरचा जलतरण तलाव, समुद्राचे दृश्य आणि गृहकर्जाच्या हप्त्याची चिंता कधी शिवलीच नसावी असे जोडपे. घर जेव्हा विशिष्ट वर्तुळातील प्रवेश म्हणून विकले जाते, तेव्हा निवाऱ्याची गरज भागवण्याची त्याची क्षमता, म्हणजे उपयोगमूल्य, मागे पडते आणि त्यातून मिळणारी प्रतिष्ठा, म्हणजे चिन्हमूल्य, किंमत ठरवू लागते.

मध्य मुंबईतील कापड गिरण्यांच्या भागात, म्हणजे गिरणगावात, हे सर्वांत उघडपणे घडले. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. त्यांच्या जमिनी विकसित करताना मोकळी जागा, म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण) आणि मालक यांना साधारण एकेक तृतीयांश हिस्सा देण्याची तरतूद 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत होती. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या आवारातील मुळातच रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. अशा रीतीने मालकांकडे राहिलेली जमीन बाजारात आली खरी, पण तेथील महागडी घरे विकताना कामगारवस्तीची ओळख अडचणीची ठरली. लोअर परळचा उल्लेख 'अप्पर वरळी' असा होऊ लागला, तो या अडचणीवरचा तोडगाच होता. श्रीनिवास मिलच्या जागेवरील वर्ल्ड टॉवर्सच्या विक्रीत अर्मानी कासा या इटालियन ब्रँडच्या अंतर्गत सजावटीचा गाजावाजा झाला. वरळीच्या ट्रम्प टॉवरमध्ये तर बांधकाम लोढा समूहाचे आणि भाड्याने घेतलेले नाव अमेरिकेतील, म्हणजे ग्राहक सिमेंटबरोबर नावाचेही पैसे मोजतो.

नावाप्रमाणे क्षेत्रफळातही फुगवटा असे. पूर्वी जिना, लॉबी व लिफ्ट यांचा वाटा घराच्या क्षेत्रफळात मिळवून 'सुपर बिल्टअप' आकडा सांगितला जाई आणि या वाढाव्याला बाजारात 'लोडिंग' म्हणत. 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन, कायद्याने कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतील प्रत्यक्ष वापरण्याजोगे क्षेत्र, सांगणे बंधनकारक केले. जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून आगाऊ रक्कम भरणाऱ्याला भरपाईचा, किंवा व्यवहार सोडल्यास व्याजासह परताव्याचा, हक्कही दिला. त्यामुळे न बांधलेल्या क्लबहाऊसबद्दल महारेरा या राज्यातील नियामक प्राधिकरणाकडे दाद मागता येते. 'अभिजात शेजार' मात्र कोणत्याही करारनाम्यात मोजून दिलेला नसतो, आणि जाहिरातींचा भर नेमका अशाच आश्वासनांवर असतो.